पंचेचाळीस अंशांचे सर

जिंतूरकर सरांचा फलक मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं, हे गृहस्थ महापालिकेच्या निवडणुकीला उभे असावेत. निळा कोट, तेल लावून मागे चापून बसवलेले केस, आणि उजवा हात तिरका वर उचलून तर्जनी आभाळाकडे. खाली पिवळ्या अक्षरांत 'फिजिक्स म्हणजे जिंतूरकर'. हाताचा जमिनीशी कोन बरोबर पंचेचाळीस अंशांचा. हा माझा अंदाज नाही. पुढच्या वर्षी नवा फलक करायचा झाला तेव्हा फोटोग्राफरच्या शेजारी फळ्याचा मोठा लाकडी कोनमापक धरून उभं राहण्याचं काम माझ्याकडे आलं होतं. सर घामाघूम होऊन हात धरून उभे, आणि मी सांगतेय, "सर, थोडा खाली. नाही, आता थोडा वर."

मी तेव्हा नुकतीच एम.एस्सी. होऊन त्यांच्या क्लासला लागले होते. औरंगपुऱ्यात वह्या-पुस्तकांच्या एका दुकानावर क्लासचे दोन मजले होते. जिना इतका अरुंद, की एक बॅच उतरल्याशिवाय दुसरीला चढता येत नसे. वरच्या मजल्यावर मागे एक खोली, तिच्यात एक टेबल, दोन खुर्च्या आणि मी. माझ्या पदाचं नाव 'डाउट मॅडम'. मुलांना येणाऱ्या शंका मी फेडायच्या. सरांच्या मते शंका येणं हा मुलाचाच दोष होता. "टाइप पाठ केला असता तर डाउट आला असता का, मॅडम?" असं ते मला विचारायचे. मला पगार शंकांचाच मिळत होता, त्यामुळे मी मान हलवायचे.

हे टाइप म्हणजे सरांची आयुष्यभराची कमाई. अकरावीच्या पुस्तकात एक धडा असतो, तिरप्या फेकलेल्या वस्तूंचा. चेंडू, दगड, तोफेचा गोळा, नळीतून सुटलेलं पाणी, काहीही. वस्तू किती लांब पडेल, किती उंच जाईल, किती वेळ हवेत राहील, एवढंच त्यात काढायचं असतं. मुलं त्याला 'प्रोजेक्टाइल' म्हणतात आणि त्याला जाम घाबरतात. त्या भीतीवर सरांनी दोन मजले उभे केले होते. या धड्यावर जगात जेवढे प्रश्न निघू शकतात ते सगळे मिळून सतरा प्रकारचे आहेत, असा शोध त्यांनी लावला होता, आणि त्या सतरा टाइपांचं एक पिवळं पुस्तक छापलं होतं. "प्रश्न वाचायचा नसतो, ओळखायचा असतो," हे त्यांचं पहिल्या दिवसाचं पहिलं वाक्य. मग मुलांकडून 'यू स्क्वेअर साइन टू थीटा अपॉन जी' हे सूत्र सुरात म्हणून घ्यायचे. दोनशे पोरांचा तो सूर खाली दुकानात ऐकू यायचा आणि दुकानदार गिऱ्हाइकांना सांगायचा, "वर फिजिक्स चालू आहे."

मुलाखतीच्या वेळी त्यांनी मला एक गणित घातलं होतं. मी खडू घेऊन फळ्यावर आधी जमीन काढली, मग दगडाची वाट, मग वेगाचे दोन भाग. माझ्या बाईंनी कॉलेजात मला तसंच शिकवलं होतं, आधी बघ आणि मग मोज. माझी वाट अर्धी काढून झाली तोच सर उठले आणि तळहातानं त्यांनी ती पुसून टाकली. डस्टर शेजारीच होतं. "मॅडम, आकृतीला पंचेचाळीस सेकंद जातात. तेवढ्यात माझी मुलं दीड प्रश्न सोडवतात. चित्रकला आर्ट्सवाल्यांना राहू द्या." तळहाताला लागलेला खडू त्यांनी माझ्याच रुमालाला पुसला. मला राग आला होता. पण वडील नुकतेच निवृत्त झालेले, घरात नोकरी हवी होती, म्हणून मी हसले. त्या हसण्याचा मला अजून राग येतो.

या माणसानं वर्षानुवर्षं फेकलेल्या वस्तूंचा धडा शिकवला, पण त्याला एक वस्तू धड फेकता येत नव्हती. दुपारच्या बॅचला शेवटच्या बाकावर पोरं पेंगायची, तेव्हा सर शिकवता शिकवता मागे वळून खडू मारायचे. तो खडू झोपलेल्याला लागलेला मी कधी पाहिला नाही. पहिल्या बाकावरच्या हुशार पोराला लागायचा, पंख्याला लागायचा, एकदा तर भिंतीवर लावलेल्या त्यांच्याच फोटोला लागला आणि काचेवर पांढरा ठिपका उमटला. सरांनी ठिपक्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "हवा आहे." खिडक्या बंद होत्या. एरवी हवेबद्दल त्यांचं मत पक्कं होतं. एखाद्या मुलानं विचारलं, की सर, खराखुरा चेंडू हवेमुळे थोडा अलीकडे पडत असेल ना, तर ते म्हणायचे, "हवेचा विचार करू नका. हवा परीक्षेत नसते." परीक्षेत नसलेली ही हवा सरांच्या मदतीला मात्र नेमकी धावून यायची.

एक गोष्ट कबूल करायला हवी. त्यांचा निकाल चांगला लागायचा. सर कधी रजा घेत नसत, आवाज खणखणीत होता, आणि पोरांना मार्क पडायचे. शहरही तेव्हा असं वाढत होतं, की माणसाला थांबून बघायला सवड नव्हती. बायपासच्या पलीकडे शेतांमध्ये सहा-सहा मजल्यांचे सांगाडे उभे राहत होते, त्यांच्यावर क्लासचे फलक लागत होते, आणि जालन्यापासून, बीडपासून आईबाप पोरांना घेऊन उतरत होते. त्यांना पाण्याचा पत्ता नसलेले फ्लॅट चालत होते आणि आकृती नसलेलं फिजिक्सही चालत होतं. मला सगळ्यात जास्त झोंबायचं ते हेच, की सरांची रीत चालते. ती चालत नसती तर मी त्यांना नुसती हसले असते.

लातूरला रेल्वेनं पाणी गेलं, त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. आमच्याकडे नळ आठवड्यातून एकदा आला तर आला. क्लासला टँकर यायचा. गल्लीत ड्रेनेजसाठी चर खणून ठेवलेला, तो महिनोन् महिने तसाच, त्यामुळे टँकर चराच्या अलीकडे थांबायचा आणि आमचा निळा ड्रम पलीकडे, जिन्याच्या तोंडाशी. पाइप कमी पडायचा. टँकरवाले सलीमभाई टँकरच्या मागच्या पायरीवर चढून पाइपाचं तोंड अंगठ्यानं अर्धं दाबायचे आणि धार चरावरून नेमकी ड्रमात सोडायचे. रोजचं काम होतं, ते कधी त्याकडे लक्ष देऊनही बघत नसत.

त्याच महिन्यात कोमल आली. पाचोडकडची, शिंगाड्यांची. बारावीची परीक्षा होऊन सुट्टी चालू होती, आणि प्रवेश परीक्षेच्या वर्षभराच्या मोफत बॅचसाठी सर दरवर्षी एक चाचणी घ्यायचे. पहिल्या पंधरा जणांना शिकवणी आणि राहण्याची खोली फुकट. त्याची जाहिरात मोठी असायची, त्या पंधरांचे फोटोही पुढे फलकावर लागायचे. चाचणीआधी महिनाभर सगळ्यांना वर्गात बसू द्यायचे. कोमलला सोडायला तिचे वडील आले होते. डोक्याला मळका रुमाल, हातात काठी, आणि जिन्याखाली चपला काढून अनवाणी वर चढलेले. सरांच्या टेबलापाशी ते उभे राहिले आणि म्हणाले, "सर, पोरगी लई हुशार हाय, मास्तर म्हनत्यात. निवड झाली तर हितं ऱ्हाईल. नाय झाली तर आमच्यासंगं येईल मेंढरामागं. औंदा गावात पानी नाय, लांब जावं लागंल. एकदा निघालो की दिवाळीपस्तोर माघारी येनं होत नाय."

"सगळं मेरिटवर आहे मामा," सर म्हणाले. "इथं वशिला चालत नाही."

"वशिला कुठला आनू सर," ते म्हणाले आणि हसले. त्यांना ते खरंच गमतीचं वाटलं होतं.

कोमल पहिल्या दिवसापासून माझ्या खोलीत यायची. तिनं टाइप पाठ केले नव्हते, कारण पिवळं पुस्तक तिच्या हाती इथं आल्यावरच पडलं होतं. बाकीच्यांनी दोन वर्षं ते घोकलेलं. ती मला सूत्रं विचारायची नाही. ती विचारायची, "मॅडम, दगूड वरी गेल्यावर थांबतो का खरंच, का आपल्याला तसं वाटतं?" मी तिच्यासाठी कागदावर वाट काढायचे आणि ती बोटानं ती वाट गिरवत जायची. त्या खोलीत मला शिक्षक झाल्यासारखं वाटलं ते त्याच तीन-चार आठवड्यांत.

एका सकाळी टँकर आला तेव्हा दहा-बारा पालक खाली उभे होते. सरांना पालक दिसले की अंगात यायचं. ते कोट सांभाळत टँकरच्या पायरीवर चढले, सलीमभाईंच्या हातातून पाइप घेतला आणि खाली उभ्या पोरांना म्हणाले, "बघा, प्रोजेक्टाइल! जास्तीत जास्त पल्ला कधी? बोला सगळे!"

"पंचेचाळीस!" पोरं ओरडली.

सरांनी पाइप पंचेचाळीसला धरला. फलकावरच्या हातासारखाच. धार सुरेख वर गेली, वळली, आणि ड्रमच्या अलीकडे वीतभर जमिनीवर पडायला लागली. दुष्काळात पाणी मातीत जाताना बघणं फार अवघड असतं. पालकांमधल्या एका बाईंनी चटकन पुढे होऊन हातातली पिशवी बाजूला ठेवली आणि ओंजळ धरायला बघितलं. सरांनी पाइप हलवला नाही.

"सर, नीचे पकडो जरा," सलीमभाई म्हणाले. "पानी पूरा रोड पे जारा."

"सलीमभाई, ये फिजिक्स है," सर म्हणाले. "पंचेचाळीसच्या पुढे पल्लाच नसतो. तुमचं प्रेशर कमी आहे."

तेवढ्यात कोमल पुढे आली. चर ओलांडून टँकरपाशी गेली आणि पायरीवर एक पाय ठेवून तिनं पाइपाचं तोंड सरांच्या हातासकट खाली दाबलं. थोडंच. धार जराशी चपटी झाली आणि ड्रमात पडली, धो धो. पोरं हसली. कोमल त्यांना हसवायला गेली नव्हती. ती खरोखरच सरांना समजावत होती. "सर, आपन उंचावर हावोत. उंचावरनं फेकल्यावर पडायला येळ असतोच की. मंग वरी कशाला मारायचं, म्होरं मारावं. टेकाडावरनं मेंढरं वळवताना आमी असंच करतो. दगूड मेंढराच्या म्होरं पडाया पाहिजे, मंजी ते वळतं."

मी तिथं उभी होते. मला तिचं बोलणं अजून शब्दशः आठवतं, कारण मी पदवीला जे दोन पानांत सिद्ध केलं होतं ते तिनं चार वाक्यांत सांगितलं होतं. पंचेचाळीसचा नियम सपाट जमिनीचा आहे. वस्तू जिथून सुटते तिथल्याच पातळीला पडत असेल तर तो खरा. उंचावरून फेकलं तर कोन पंचेचाळीसपेक्षा कमीच हवा.

सरांनी पाइप सलीमभाईंच्या हातात दिला, कोटाची बाही झटकली आणि पालकांकडे वळून म्हणाले, "आज हवा आहे जरा."

चाचणीचा पेपर माझ्याकडून टाइप करून घेतला गेला. पिवळ्या पुस्तकातून सर प्रश्नांवर पेन्सिलीनं खुणा करून द्यायचे. टाइप नऊमधला एक प्रश्न होता: एका मनोऱ्याच्या माथ्यावरून दगड फेकायचा आहे, तो जास्तीत जास्त दूर पडावा म्हणून क्षितिजाशी किती अंशांचा कोन करावा? पर्याय चार. पहिला पंचेचाळीस, दुसरा पंचेचाळीसपेक्षा कमी. पुस्तकातलं उत्तर पहिलं. सरांनी तो प्रश्न सूड म्हणून घातला असं मी म्हणणार नाही. सूड घ्यायला टँकरचा प्रसंग लक्षात ठेवावा लागतो, आणि स्वतःची फजिती लक्षात ठेवण्याइतका वेळ सरांकडे नसायचा. पुस्तक उघडलं, पेन्सिल फिरली, एवढंच. मी प्रश्न टाइप केला तेव्हा थांबले. मनात आलं, हे सांगायला हवं. मग वाटलं, पेपर उद्या आहे, आत्ता कशाला. मी पुढचा प्रश्न टाइप केला.

निकाल जिन्यातल्या भिंतीवर लागला. बरोबर उत्तराला चार मार्क, चुकीच्याला एक वजा. पंधराव्या मुलापेक्षा कोमल तीन मार्कांनी मागे होती. मी तिची उत्तरपत्रिका काढली. मनोऱ्याच्या प्रश्नाला तिनं दुसरा पर्याय भरला होता, पंचेचाळीसपेक्षा कमी. सबंध चाचणीत तो पर्याय भरणारी ती एकटी होती. बाकी सगळ्यांनी पाठ केलेलं चूक उत्तर लिहून चार मार्क मिळवले होते. बरोबर लिहिल्याबद्दल हिचा एक कापला गेला होता. पाच मार्कांचा फरक. नुसती तिच्या एकटीची दुरुस्ती केली असती तरी ती आत येत होती.

मी उत्तरपत्रिका घेऊन सरांच्या खोलीत गेले. सगळी तयारी करून गेले होते, मनातल्या मनात सिद्धता म्हणत. सर निकालाच्या प्रतीवर सह्या करत होते. मी म्हणाले, "सर, टाइप नऊचं उत्तर चुकलंय. मनोऱ्यावरून पंचेचाळीस येत नाही."

मला वाटलं होतं ते चिडतील, किंवा पुन्हा हवेचं नाव काढतील. त्यांनी सह्या थांबवल्या. निकालाची एक प्रत उलटी केली आणि पेननं तिच्यावर आधी जमीन काढली. मग मनोरा. मग माथ्यावरून सुटलेली वाट, इतकी स्वच्छ, की हात कुठे उचलला ते कळू नये. वेगाचे दोन भाग, उंची, वेळ. सात-आठ ओळींत त्यांनी कोन काढला आणि त्याच्याखाली रेघ ओढली. एवढी सुंदर आकृती माझ्या बाईंनीही कधी काढली नव्हती. त्यांना त्यात अर्धं मिनिटही लागलं नसेल.

"पंचेचाळीसपेक्षा कमी," सर म्हणाले. "बरोबर आहे तुमचं. एम.एस्सी.ला असताना मी ट्यूशनला हेच शिकवायचो. चार मुलं यायची. चारातली दोन आकृती काढेपर्यंत झोपायची."

"मग सर, आन्सर-की बदलू या?"

"नाही."

मी उभीच राहिले. ते शांतपणे बोलत होते, जसं एखाद्या पालकाला समजावतात. "मॅडम, हे पुस्तक किती वर्षांपासून छापतोय मी? आज एक उत्तर बदललं, तर उद्या एकेक बाप येऊन विचारेल, आणखी काय काय चुकलंय. गेल्या वर्षीची पोरं येतील. शेजारचे क्लासवाले फलक लावतील. पंचेचाळीस लक्षात राहतं. 'पंचेचाळीसपेक्षा कमी' कुणाच्या लक्षात राहतं?"

"पण त्या मुलीचं वर्ष जाईल, सर. ती मेंढरांमागे जाणार आहे."

"वाईट आहे," ते म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलं असावं, कारण क्षणभर ते त्या आकृतीकडे बघत राहिले. मग त्यांनी तो कागद चार घड्या करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवला आणि पुढच्या प्रतीवर सही केली.

तोपर्यंत मी त्यांना अडाणी समजत होते. अडाणी माणसाची चीड येते आणि जाते. सरांना सगळं येत होतं. आकृती येत होती, कोन येत होता, कोमल बरोबर आहे हेही टँकरवर पाइप हातात असतानाच त्यांना कळलं असणार. एवढं येऊन जो माणूस वर्षभर पोरांच्या आकृत्या तळहातानं पुसतो, त्याच्याबद्दल मला तेव्हा जे वाटलं त्याला तुच्छता याशिवाय दुसरा शब्द नाही. इतक्या वर्षांत तो शब्द बदलावा असं काही मला सापडलेलं नाही.

तीच तुच्छता थोडी स्वतःकडेही वळवावी लागते. मी खोलीतून बाहेर आले आणि निकालाच्या कागदाशेजारी खरं उत्तर लिहून लावलं नाही. पालकांना गोळा केलं नाही. राजीनामा दिला असं सांगायला मला आवडलं असतं, पण मी तिथं त्यानंतर दीड वर्ष काम केलं. फक्त खाली गेले. जिन्याच्या तोंडाशी कोमल ड्रमला टेकून उभी होती आणि तिचे वडील तिची पत्र्याची पेटी खांद्यावर घेत होते. मी तिला म्हणाले, "कोमल, मनोऱ्याच्या प्रश्नाचं तुझं उत्तर बरोबर आहे. सरांनाही माहीत आहे."

तिचा चेहरा एकदम उजळला. तिनं वडिलांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मंग यादीत नाव लागंल ना, मॅडम?"

मी पेटीला हात लावून ती तिच्या वडिलांच्या खांद्यावर नीट बसवली. तिचे वडील समजले. ते म्हणाले, "चल बाय, यष्टी जाईल." आणि मला म्हणाले, "बाई, तुमी सांगितलं, लई झालं." त्यांनी हे मनापासून म्हटलं, म्हणून ते जास्त लागलं. चर ओलांडताना कोमलनं एकदा मागे वळून फलकाकडे पाहिलं आणि दोघं गर्दीत गेले. तिचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही. मी पाचोडला जाऊन कधी चौकशी केली नाही, हेही खरं आहे.

सरांना मी शेवटचं पाहिलं ते दोन वर्षांपूर्वी, मार्चमध्ये. आता त्यांचा क्लास नाही. बाहेरून मोठमोठे काचेचे क्लास आले, मग मोबाइलवरचे आले, आणि पिवळं पुस्तक रद्दीत मिळायला लागलं. मी बायपासच्या पलीकडे एका मैत्रिणीकडे चालले होते. तिकडच्या सोसायट्यांना अजून नळ नाही. एका फाटकाशी टँकर उभा होता. सोसायटीपुढे पाइपलाइनचा चर खणलेला, टाकी चराच्या पलीकडे, आणि पाइप कमी पडत होता. टँकरच्या मागच्या पायरीवर एक म्हातारा उभा होता, सोसायटीतलाच असावा, घरच्या बंडी-लेंग्यात खाली आलेला. केस तसेच मागे चापलेले होते, पण पांढरे. मी गाडी बाजूला घेतली.

सरांनी पाइपाचं तोंड अंगठ्यानं अर्धं दाबलं होतं आणि पाइप खाली धरला होता, पंचेचाळीसपेक्षा चांगलाच खाली. धार चपटी जाऊन टाकीच्या तोंडात पडत होती. खाली जमिनीवर एक थेंब नव्हता. त्यांचं सगळं लक्ष तिथं होतं. टाकीत पाणी चढत गेलं तसतसे ते पाइप केसभर हलवत होते. मी त्यांना क्लासमध्ये कधी इतकं मन लावून काही करताना पाहिलं नव्हतं.

पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून एक तरुण बाई बादली घेऊन बघत होती. ती हसून ओरडली, "सर, पंचेचाळीसला धरा ना! आम्ही तुमच्याच क्लासला होतो, विसरलो नाही अजून."

सरांनी वर पाहिलं. पाइप तसाच ठेवला.

"आज हवा आहे जरा," ते म्हणाले.

फाटकाशी कडुलिंबाचं मोठं झाड होतं. त्याचं एकही पान हलत नव्हतं.